भाऊजी चार दिवस बेपत्ता आहेत. शेरीफ खरंच हात झटकतोय का?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे की नाही ते तुम्हाला कळेल. तुमची थोरली बहीण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात राहते. तिचे यजमान अमेरिकन लष्करात होते, इराकमध्ये दोनदा जाऊन आले. चार दिवसांपूर्वी पहाटे ते पिकअप घेऊन निघाले, फोन घरीच ठेवून. ताईंनी दुसऱ्या दिवशी शेरीफच्या ऑफिसला कळवलं. एक डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा अधिकारी, आला. ताई म्हणाल्या, "कॅम्पिंगला गेले असतील." त्यानं ते लिहून घेतलं, "सज्ञान माणूस आहे, त्याच्या मर्जीनं जाऊ शकतो" असं सांगितलं आणि गेला. तुम्ही पुण्यात बसून विचारताय की हा शेरीफ टाळाटाळ करतोय की तिथली रीतच अशी आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंय की भाऊजींवर पीटीएसडीचे, म्हणजे युद्धानंतरच्या मानसिक आघाताचे, उपचार चालू होते, कपाटातली रायफल जागेवर नाही, पण "उगाच बोभाटा नको म्हणून ताईनं हे पोलिसांना सांगितलेलं नाही."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल, आधी ताईंना फोन लावा. त्यांनी आत्ताच्या आत्ता शेरीफच्या डिस्पॅचला, म्हणजे फोन घेऊन माणसं पाठवणाऱ्या कक्षाला, फोन करून तीन गोष्टी सांगायच्या: नवऱ्यावर युद्धानंतरच्या मानसिक आघाताचे उपचार चालू आहेत, एक रायफल घरात नाही, आणि फोन मागे ठेवून जाणं ही त्यांची सवय नाही. मग स्पष्ट मागणी करायची की ही नोंद 'एन्डेंजर्ड', म्हणजे जिवाला धोका असलेली व्यक्ती, या वर्गात करा.

मी कोलोरॅडोतल्या डोंगराळ काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) शेरीफच्या हाताखालच्या शोध-बचाव पथकात बरीच वर्षं स्वयंसेवक आहे. कुठल्या टोळीनं कुठला पट्टा शोधायचा, याची नकाशावरची आखणी हे माझं मुख्य काम. मोंटानाचे काही नियम आमच्यापेक्षा वेगळे आहेत आणि तुमच्या भाऊजींची केस मी पाहिलेली नाही. तेव्हा खालचं वाचताना हे लक्षात असू द्या. पण सुरुवातीच्या तासांत काय घडतं आणि काय घडायचं राहून जातं, ते सगळीकडे बरंचसं सारखंच असतं.

शेरीफ म्हटलं की आपल्याकडे एसपी किंवा ठाणेदार डोळ्यांसमोर येतो. पण शेरीफ हा काउंटीतल्या मतदारांनी निवडून दिलेला अधिकारी असतो. मोंटानात त्याची मुदत चार वर्षांची. पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत हरवलेल्या माणसाचा डोंगर-जंगलात शोध घेण्याची जबाबदारीही त्याचीच. हाताशी माणसं मात्र मोजकी. मोंटाना क्षेत्रफळानं अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं आहे आणि लोकसंख्या जेमतेम अकरा लाख. तिथल्या बीव्हरहेड काउंटीचंच बघा: सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याहूनही मोठी, आणि २०२० च्या जनगणनेत माणसं साडेनऊ हजारांच्याही आत. अशा ठिकाणी रात्रपाळीला एखाद-दोनच डेप्युटी असतात. त्याच डेप्युटीला अपघात, घरगुती मारामारी आणि रस्त्यावर आलेली गुरंसुद्धा बघायची असतात. त्यामुळे "कॅम्पिंगला गेलेला सज्ञान पुरुष" ही नोंद त्याच्या कामाच्या ढिगात तळाशी जाते. त्यात मला आकस दिसत नाही. त्याला जे सांगितलं गेलं, त्याच्यापुरतं तो वागला.

शिवाय तो जे बोलला ते कायद्याला धरूनच आहे. अमेरिकेत सज्ञान माणसाला घर सोडून जाण्याचा, कुणाला पत्ता न सांगण्याचा हक्क आहे. २१ वर्षांखालच्या व्यक्तीची नोंद पोलिसांनी थांबा-बघा न करता लगेच घ्यायची, असं फेडरल कायदा सांगतो. त्यावरच्या वयाला ते संरक्षण नाही. "२४ तास थांबा" असा नियम मात्र कुठेही सरसकट नाही. कुणी तसं सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

आता 'एन्डेंजर्ड' या एका शब्दानं काय बदलतं ते सांगतो. एफबीआयची एनसीआयसी नावाची देशव्यापी संगणकीय यादी आहे. तिच्यात बेपत्ता माणसाची नोंद वर्गवारीनं होते. 'एन्डेंजर्ड' म्हणून नाव चढलं, सोबत पिकअपचा नंबर आणि चासी नंबर जोडला, की आयडाहोत किंवा नेवाडात कुणा पोलिसानं टेललाइट बंद आहे म्हणून ती गाडी अडवली तरी त्याच्या स्क्रीनवर इशारा येतो. मोंटानात अशा व्यक्तींसाठी राज्यभर सूचना पसरवण्याची वेगळी व्यवस्था आहे, 'मिसिंग एन्डेंजर्ड पर्सन अ‍ॅडव्हायझरी'. ती शेरीफनं मागावी लागते. विस्कॉन्सिननं २०१८ मध्ये खास माजी सैनिकांसाठी 'ग्रीन अलर्ट' सुरू केला, पाठोपाठ टेक्सासनं २०१९ मध्ये 'कॅमो अलर्ट'. युद्धावरून परतलेला माणूस "मर्जीनं गेला" म्हणून सोडून देता येत नाही, हे त्या राज्यांनी कायद्यातच लिहून टाकलं.

फोन आणि इंटरनेटच्या माहितीचंही तेच. सुप्रीम कोर्टातल्या २०१८ च्या कार्पेंटर खटल्यापासून मोबाइल टॉवरवरचा मागचा माग काढायला पोलिसांना एरवी वॉरंट लागतं. पण कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर कंपन्या वॉरंटशिवाय माहिती देऊ शकतात. हॉस्पिटलचंही असंच आहे. भाऊजी कुठे भरती असतील तर हॉस्पिटल ते ताईंना सांगेलच असं नाही, पण बेपत्ता व्यक्ती शोधण्यासाठी पोलिसांना ठराविक माहिती देण्याची मुभा आहे. यातले बरेच दरवाजे "धोका आहे" या कारणानंच उघडतात, आणि ते कारण शेरीफला फक्त घरचेच देऊ शकतात.

ताईंची भीती मी समजू शकतो. आपल्या घरांमध्ये तर मनाच्या आजाराचा विषय निघाला की आवाजच खाली जातो. पण त्या भीतीत तथ्य किती, ते बघा. पीटीएसडीचे उपचार घेतल्यानं कुणाचा बंदुकीचा हक्क जात नाही. फेडरल बंदी कोर्टानं किंवा तसा अधिकार असलेल्या यंत्रणेनं तसा निकाल दिला असेल किंवा सक्तीनं भरती केलं असेल तर येते. हरवल्याची तक्रार केल्यानं गुन्हा दाखल होत नाही. व्हीएकडून, म्हणजे माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याकडून मिळणारी भरपाई या तक्रारीमुळे बंद होत नाही. उलट माणूस ९० दिवसांहून जास्त बेपत्ता राहिला तर त्या भरपाईतला वाटा पत्नीला आणि मुलांना देण्याची तरतूद आहे. तिच्यासाठी आज केलेली नोंदच पुढे उपयोगी पडते.

रायफलबद्दल मी इतकं का ताणून धरतोय, तेही स्पष्टच सांगतो. व्हीएच्या अहवालानुसार २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली आणि त्यांतल्या दहापैकी सातांहून जास्त जणांनी बंदूक वापरली. म्हणून ही माहिती मिळाल्यावर शेरीफ तासांचा हिशेब करायला लागतो. दुसरं कारण आमचं, शोधणाऱ्यांचं. आम्ही निःशस्त्र स्वयंसेवक. कोण शाळेत शिकवतं, कोण दवाखान्यात काम करतं. समोर सशस्त्र, घाबरलेला, लढाईचं शिक्षण घेतलेला माणूस असू शकतो, हे माहीत असेल तर पुढे डेप्युटी जातात, आम्ही मागे राहतो. हे लपवलं तर जीव दोन्हीकडचे धोक्यात येतात.

शोधाची पद्धतसुद्धा बदलते. वाट चुकलेला गिर्यारोहक सापडायला उत्सुक असतो. आम्ही ओळीत पांगतो, शिट्टी मारतो, नाव घेऊन हाका मारतो, मग सगळे एकदम गप्प होऊन कानोसा घेतो. दोन माणसांत अंतर बरंच ठेवलं तरी चालतं, कारण उत्तर येण्याची शक्यता असते. खचलेला माणूस 'ओ' देत नाही. माजी सैनिक असेल तर लपायचं कसं, मागचा माग कसा पुसायचा, हे त्याला शिकवलेलंच असतं. हेलिकॉप्टरच्या आवाजानं आणि अनोळखी आरोळ्यांनी तो आणखी आत दडू शकतो. तेव्हा आम्ही अंतर कमी करतो, पडलेल्या ओंडक्यांमागे वाकून बघतो आणि हाक मारायचीच असेल तर त्याच्या ओळखीच्या आवाजात मारतो. मन खचून निघालेली माणसं फार लांब जात नाहीत, हा आमच्या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. पुष्कळदा ती गाडीपासून किंवा रस्त्यापासून लोकांना वाटतं त्याहून खूपच जवळ सापडतात, आणि बऱ्याचदा अशा जागी, जिचा त्यांच्या आयुष्याशी काहीतरी संबंध असतो. दरीकडे बघत बसायची ठरलेली कडा, किंवा वडिलांबरोबर पहिल्यांदा शिकार केली ते रान.

ती जागा कोणती हे शेरीफला कळायचा मार्ग ताईंवरूनच जातो. मी कुटुंबाशी बोलायला बसतो तेव्हा "कुठे गेले असतील?" असं विचारत नाही, कारण त्यावर "काही कल्पना नाही" हेच उत्तर येतं. मी शेवटचे दोन दिवस मागून पुढे विचारत जातो. काय जेवले, झोपले का, कुणाचा फोन आला, कुत्र्याला नेलं का घरी ठेवलं, औषधाची डबी कपाटात आहे का, कोणते बूट आणि कोणतं जॅकेट गेलं, स्लीपिंग बॅग आहे की नाही. कॅम्पिंगला निघालेला माणूस स्टोव्ह नेतो. स्टोव्ह, तंबू, थंडीचं जॅकेट घरी आणि रायफल तेवढी नाही, तर चित्र वेगळं होतं. उलट आठवड्याभराचा शिधा आणि औषधं गेली असतील तर मला बराच धीर येतो. त्यामुळे ताईंनी घरातल्या गोष्टींची अशी नीट यादी करावी: काय गेलं आणि काय राहिलं.

या यादीच्या बरोबरीनं तारखाही बघा. इराकमध्ये त्यांचा कुणी सोबती गेला असेल तर तो दिवस कोणता होता? बेपत्ता झाले ती तारीख त्याच्या आसपासची आहे का? घरच्यांना पुष्कळदा हे माहीत नसतं. पलटणीतल्या मित्रांना मात्र हमखास माहीत असतं. ज्या गोष्टी बायकोला सांगितल्या नाहीत त्या या मित्रांना सांगितलेल्या असतात, आणि भाऊजी कुणाकडे गेले असतील तर बहुतेक त्यांच्यापैकीच एकाकडे. त्यांची नावं-नंबर डेप्युटीला द्या, पण ताईंनी स्वतःही फोन करावेत. फक्त एक करा. हे मित्र ऐकल्याबरोबर गाड्या काढून स्वतःच रानात शिरायला निघतात. त्यांना आधी शेरीफकडे पाठवा. त्यांच्या पायांचे ठसे आणि वास आमच्या कुत्र्यांच्या आड येतात. त्यांचा खरा उपयोग ओळखीचा आवाज म्हणून होतो, आणि तो फार मोठा आहे.

फोन घरी आहे म्हणजे डिजिटल माग संपला असंही नाही. मोंटानातल्या शिकाऱ्यांकडे बहुतेक ऑनएक्स हे नकाशाचं अ‍ॅप असतं. कंपनी तिथल्याच मिझूलाची. त्यात माणूस आपल्या आवडत्या जागा खुणा करून ठेवतो आणि त्या त्याच्या खात्यात साठतात, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरही दिसू शकतात. अनेकदा आमच्या आखणीचा पहिला नकाशा तिथूनच निघतो. पिकअप नवी असेल तर कंपनीच्या कनेक्टेड सेवेतून तिचं ठिकाण मिळू शकतं. मनगटावर स्मार्ट घड्याळ किंवा गार्मिनचं सॅटेलाइट यंत्र होतं का तेही आठवा. घरी राहिलेल्या फोनवर कुणीही पासवर्डचे अंदाज बांधत बसू नका. चुकीचे प्रयत्न झाले की तो कुलूपबंद होतो. तसाच डेप्युटीच्या हातात द्या.

आता ताईंनी घरात आज करायच्या दोन गोष्टी. पहिली, वासासाठी वस्तू. भाऊजींनी शेवटी वापरलेली टोपी किंवा अंगातला न धुतलेला बनियन. उशीचा अभ्रा सहसा चालत नाही, कारण त्यावर ताईंचाही वास असतो. हातात स्वच्छ हातमोजे घालून किंवा चिमट्यानं उचलून कागदी पिशवीत ठेवायचा, पिशवी बंद करून त्यावर तारीख टाकायची. लॉन्ड्रीच्या टोपलीतलं आज काही धुवायचं नाही. दुसरी, बुटाचा ठसा. त्यांचा रोजच्या वापरातला जुना बूट घ्या. जमिनीवर घडी घातलेला टॉवेल, त्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, आणि त्यावर बूट हातात घालून जोरात दाबा. तळव्याची नक्षी, टाचेची झीज, सगळं फॉइलवर उमटतं. पायवाटेवरच्या असंख्य ठशांमधून आम्हाला हवा तो वेगळा काढायला ही फॉइल फार कामाला येते.

पिकअप सापडली तर ताईंनी दुसरी किल्ली घेऊन तिथे धावायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. सीट पुढे सरकवलेली आहे का, किती मैल चाललीय, टाकीत इंधन किती, खाली जमीन कोरडी आहे की बर्फ, यांतून ती कधी आली आणि शेवटी कुणी चालवली हे कळतं. टायरखाली बर्फ नाही आणि भोवती सगळीकडे आहे, एवढ्यावरून बर्फ पडण्याच्या आधी गाडी आली हे ठरतं आणि मधला सगळा वेळ आमच्या हिशेबात येतो. दार उघडून कुणी आत बसलं की यातलं बरंच पुसलं जातं.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर आधी डिस्पॅचला खरी परिस्थिती सांगणं, मग एन्डेंजर्ड नोंद आणि तिचा केस नंबर, मग घरातली यादी, मित्र, नकाशाच्या खुणा, टोपी आणि फॉइल. यातलं कशासाठीही कुणाच्या परवानगीची वाट बघायला नको.

शेरीफकडे न जाणारा एक फोनही आहे. अमेरिकेतून ९८८ लावून १ दाबलं की माजी सैनिकांची क्रायसिस लाइन लागते. ती घरच्यांसाठीही आहे. शिवाय व्हीएच्या प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात आत्महत्या प्रतिबंधासाठी समन्वयक असतात. मोंटानाचं मुख्य केंद्र हेलेनाजवळच्या फोर्ट हॅरिसनला आहे. ताईंनी त्यांना आपल्या बाजूनं सगळं सांगावं. ते भाऊजींबद्दल काही बोलले नाहीत तरी ऐकून घ्यायला आणि सावध व्हायला त्यांना काहीच आडकाठी नाही. भाऊजी उद्या दुसऱ्या गावच्या व्हीए दवाखान्यात जाऊन उभे राहिले, तर त्यांच्या नावापुढे खूण असणं मोलाचं आहे.

मी पाहिलेल्यांपैकी काहीजण मित्राच्या शेतघरी, मोटेलमध्ये, दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलात सापडले आहेत. त्यामुळे भाऊजींच्या बाबतीतही ही शक्यता खरी आहे, आणि तिची तयारी ताईंना आतापासून करून द्या. ते सुखरूप सापडले आणि "बायकोला पत्ता देऊ नका" म्हणाले, तर शेरीफ ताईंना "ते सुरक्षित आहेत" एवढंच सांगेल आणि केस बंद करेल. ते ऐकणं फार जड जातं. पण त्या वाक्याचा अर्थ माणूस जिवंत आहे आणि कुणीतरी त्याला प्रत्यक्ष भेटलंय, हा आहे.

आणि नाही सापडले तर? काही दिवसांनी मोठी शोधमोहीम थांबते. केस थांबत नाही, पण रोजची माणसं परत जातात. तेव्हा शेरीफला सांगून न्याय खात्याच्या 'नेमअस' या यादीत नाव घालून घ्या. तिथे बेपत्ता माणसांची आणि बेवारस मृतदेहांची माहिती पडताळून बघतात. डीएनएसाठी रक्ताचं नातं लागतं, म्हणजे भाऊजींचे आईवडील, भावंडं किंवा मुलं. सैन्यात असल्यामुळे त्यांच्या बोटांचे ठसे सरकारदप्तरी असतातच, आणि १९९० च्या दशकापासून घेतलेले सैनिकांचे रक्ताचे नमुनेही आता डेलावेअरमध्ये जपून ठेवलेले असतात. शेरीफच्या लक्षात हे आणून द्या. ऑक्टोबरच्या अखेरीस मोंटानात रायफलच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि एरवी कुणी फिरकत नाही अशा कोपऱ्यांत माणसं पोचतात. त्याआधी भाऊजींचा आणि गाडीचा फोटो त्या भागातल्या गेम वॉर्डनकडे (शिकारीवर देखरेख ठेवणारा अधिकारी) आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या कचेरीत असायला हवा.

फेसबुकवर एकच पोस्ट करा, तिच्यावर शेरीफचा नंबर द्या, स्वतःचा नको. बक्षीस जाहीर करू नका. तसं केलं की "तुमचा माणूस आमच्याकडे आहे" म्हणून पैसे मागणारे फोन सुरू होतात. रायफलचा उल्लेख पोस्टमध्ये नको.

राहिला तुमचा प्रश्न, की पुण्यातून तुम्ही काय करू शकता. ९११ किंवा ९८८ भारतातून लागत नाहीत, पण शेरीफच्या ऑफिसचा साधा दहा आकडी नंबर +१ लावून लागतो, आणि घरचं माणूस म्हणून तुम्ही माहिती देऊ शकता. उन्हाळ्यात मोंटाना आपल्या साडेअकरा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेबारा. तिथे ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. ताई या चार दिवसांत नीट झोपलेल्या नसतील, त्यांना धड आठवतही नसेल. एक वही करा. कोणत्या डेप्युटीशी किती वाजता बोलणं झालं, तो काय म्हणाला, पुढचा फोन कधी करायचा, हे तुम्ही लिहा. रोज एकच ठरलेली वेळ धरून एकाच माणसानं शेरीफकडे चौकशी करावी. पाच नातेवाइकांनी पाच वेळा केलेल्या फोनपेक्षा त्याला उत्तर लवकर मिळतं. आणि ताईंनी डिस्पॅचला सांगितलं की मला इथेच कळवा, एनसीआयसी नोंदीचा वर्ग कोणता झाला ते विचारून. त्यावरून पुढचं बोलू.